पेरलेल्या पेशी रुजत का नाहीत? हृदयाचा वण आणि पॉलिमरचे नॅनोकण

गोदाकाठ

बाबांना अडीच वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला. पहाटे चारला छातीत दुखायला लागलं, त्यांनी पित्त समजून सोडा घेतला आणि आम्हाला उठवलं साडेसातला. अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. पण तोवर डाव्या कप्प्याची पुढची भिंत बरीचशी गेली होती. आता त्यांचं ईएफ तीसच्या आसपास असतं. (ईएफ म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकललं जातं तो आकडा. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० असतो.) दिवाळीत एका नातेवाइकांनी रंगीत पत्रक आणून दिलं, स्टेम सेलने हृदय दुरुस्त करून देतो असं. (स्टेम सेल म्हणजे मूलपेशी, जिच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात.) खर्च काही लाख. बाबांनी पत्रक माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "तू हेच काम करतोस ना रे? मग सांग, घेऊ का?"

मी पॉलिमर रसायनशास्त्रातला. (पॉलिमर म्हणजे छोट्या रेणूंची लांब साखळी, प्लास्टिक त्यातलंच.) पीएचडी पुण्यात केली. गेली काही वर्षं पॉलिमरचे नॅनोकण बनवतो, आणि त्यातले काही हृदयाच्या पेशींसाठीच्या जेलमध्ये जातात. मी बाबांना "नको" म्हणालो. पण का नको, हे त्यांना पटेल असं सांगायला मला तीन संध्याकाळी लागल्या. तेच इथे लिहितो आहे, कारण असं पत्रक आपल्यापैकी अनेकांच्या घरात आलं असणार.

माणसाच्या डाव्या कप्प्यात दोन ते चार अब्ज स्नायूपेशी असतात. मोठ्या अटॅकमध्ये त्यातल्या एक अब्जापर्यंत काही तासांत मरू शकतात. कातडी कापली तर भरून येते, यकृताचा तुकडा काढला तर ते वाढतं, हृदयाला हे जवळजवळ जमत नाही. हे कसं कळलं त्याची गोष्ट विलक्षण आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत अणुबॉम्बच्या उघड्यावरच्या चाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला आणि अन्नातून तो माणसांच्या डीएनएत जाऊन बसला. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ मध्ये त्या खुणेवरून हृदयपेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. या वेगाने मेलेली भिंत भरून येत नाही. तिथे तंतूंचा घट्ट वण धरतो. तो फाटत नाही, पण आकुंचनही पावत नाही.

मग साहजिक विचार येतो की पेशी बाहेरून आणून घालाव्यात. गेली पंचवीस वर्षं हे चालू आहे. आणि प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी गाडी अडते: पेशी तिथे राहतच नाहीत. सुईने हृदयाच्या भिंतीत पेशी सोडल्या की पुढच्या ठोक्याला भिंत आवळते आणि काही पेशी सुईच्याच भोकातून बाहेर येतात. काही शिरांमधून वाहून फुप्फुसात जाऊन अडकतात. काही तासांनी मोजलं तर बहुतेक प्रयोगांत दहा टक्केही जागेवर सापडत नाहीत. ज्या राहतात त्यांच्याभोवती रक्तपुरवठा नाही, सूज आहे आणि धरायला काही नाही. हृदयपेशी ही कशाला तरी चिकटून जगणारी पेशी आहे. आधार सुटला की ती स्वतःच मरते.

म्हणून स्कॅफोल्ड लागतो. पेशींना धरायला जागा देणारं, त्यांच्यासोबत लवणारं आणि काम झालं की विरघळून जाणारं काहीतरी. माझे नॅनोकण त्यातलं एक अंग आहेत. प्रश्न विचारा, एकेक सांगतो.

द्राक्षवेल

मी दिंडोरीकडचा, बागाईतदार. विज्ञान बारावीपर्यंत. तुमचं वाचून एकच शब्द डोक्यात आला, वाफसा. बी कितीही चांगलं असू द्या, रानाला वाफसा नसेल तर उगवण होत नाही आणि पाऊस जोराचा आला तर बी वाहून ओढ्याला जातं. तुम्ही लोक इतकी वर्षं बियाण्यावरच खर्च करत होता आणि रान कोणी तयार करत नव्हतं, असं आहे का?

गोदाकाठ

द्राक्षवेल, मी तीन संध्याकाळी जे सांगत होतो ते तुम्ही चार ओळीत सांगितलंत. हो, असंच आहे. बियाणं मिळवणं ही सुरुवातीला मोठी अडचण होती, त्यामुळे सगळं लक्ष तिकडेच होतं. २००६ मध्ये क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशीला चार जनुकं देऊन पुन्हा मूळपदावर नेलं, २००७ मध्ये माणसाच्या पेशींवर तेच केलं आणि २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल मिळालं. आता कातडीच्या किंवा रक्ताच्या पेशीपासून हृदयपेशी बनवता येतात, हव्या तितक्या. आमच्या शेजारच्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा त्या बघितल्या तेव्हा बराच वेळ सूक्ष्मदर्शकापासून हललो नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी बशीतला एक ठिपका धडधडायला लागतो. दुसऱ्या कोपऱ्यात दुसरा ठिपका, त्याची लय वेगळी. दोन दिवसांनी मधली जागा पेशींनी भरते आणि अख्खी बशी एका ठेक्यात चालते. कुणी काही सांगितलेलं नसतं, एकमेकींना चिकटल्या की विजेचा निरोप आपोआप पोचतो.

म्हणजे बियाणं आहे. रानाचं काम बाकी आहे.

शब्दवेडी

धागा आवडला. एक भाषेची शंका. स्कॅफोल्डला मराठीत तुम्ही काय म्हणता? लेखांत 'सांगाडा' वाचलाय, पण सांगाडा म्हटलं की हाडं आठवतात.

द्राक्षवेल

मांडव म्हणा की. द्राक्षाला तारा आणि अँगल लावून मांडव करतो, वेल त्यावर चढतो.

गोदाकाठ

मांडव छान आहे, पण तो वीस वर्षं राहतो. मला 'परांची' जास्त जवळचा वाटतो. इमारत बांधताना बांबूची परांची बांधतात, गवंडी तिच्यावर उभा राहतो, आणि भिंत उभी राहिली की सोडून घेतात. आमचं पॉलिमर तसंच जायला हवं. फार लवकर गेलं तर पेशी अधांतरी, फार उशिरा गेलं तर पेशींनी स्वतःचं जाळं विणायला जागाच उरत नाही. त्यामुळे परांची कधी सोडायची हाच निम्मा अभ्यास आहे.

चौकस

पण मुळात प्लास्टिकच ना हे? २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांचा अभ्यास आला होता. मानेच्या रक्तवाहिनीतून काढलेल्या थरात बऱ्याच रुग्णांना पॉलिएथिलीनचे बारीक कण सापडले, आणि ज्यांच्यात सापडले त्यांना पुढच्या तीनेक वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका चौपटीहून जास्त दिसला. एकीकडे हे आणि दुसरीकडे आपण मुद्दाम हृदयात पॉलिमरचे कण सोडायचे? मला खरंच भीती वाटते.

गोदाकाठ

भीती वाजवी आहे आणि प्रश्न नेमका आहे. तो अभ्यास मी वाचलाय. २५७ रुग्ण शेवटपर्यंत राहिले होते, त्यातल्या १५० जणांच्या थरात पॉलिएथिलीन होतं. कणांमुळेच अटॅक आला हे त्यातून सिद्ध होत नाही, ते दोन्ही एकत्र दिसले इतकंच. तरी मीही दुर्लक्ष करणार नाही.

फरक पॉलिमरच्या साखळीत आहे. पॉलिएथिलीन म्हणजे दुधाची पिशवी, डबे. त्याच्या साखळीत कार्बनला कार्बन जोडलेला आहे, पाणी त्याला काही करू शकत नाही. मी जे वापरतो ते पीएलजीए, म्हणजे लॅक्टिक आम्ल आणि ग्लायकोलिक आम्ल यांची साखळी. त्यातल्या प्रत्येक जोडावर एस्टर बंध आहे आणि पाणी तो बंध हळूहळू तोडतं. उरतं काय, तर तीच दोन आम्लं. लॅक्टिक आम्ल तर धावल्यावर आपल्या स्नायूत तयार होतंच. पुढे शरीर त्यांचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतं. तुमच्या ओळखीत कुणाचं ऑपरेशन झालं असेल आणि डॉक्टर म्हणाले असतील "टाके काढायला यायची गरज नाही, विरघळतात", तर बऱ्याचदा ते टाके याच कुळातले. पॉलिग्लॅक्टिनचा टाका साधारण ५६ ते ७० दिवसांत पूर्ण शोषला जातो. हा पन्नासएक वर्षांचा अनुभव आहे, म्हणूनच आम्ही याच कुळापासून सुरुवात करतो.

आता त्याचा दोषही सांगतो. कण आतून विरघळतो तेव्हा आत आम्ल साठतं. आधीच रक्त कमी पोचतंय अशा भागात आंबटपणा वाढला तर पेशींना आणि कणात भरलेल्या प्रथिनांना त्रास होतो. म्हणून प्रमाण बदलून बघावं लागतं. दोन्ही आम्लं निम्मी-निम्मी घेतली तर साधारण एक-दोन महिन्यांत विरघळतं. लॅक्टिक वाढवलं की वेळ लांबते, नुसतं पॉलिलॅक्टिक वर्षाहून जास्त टिकू शकतं. आणि सगळीच पॉलिमर अशी विरघळत नाहीत. पुढे पॉलिपायरोल नावाच्या वीज वाहणाऱ्या पॉलिमरबद्दल लिहीन, तिथे तुमची शंका अजून शिल्लक आहे.

मीनल_ठाणे

कण बनतात कसे? कारखान्यात?

गोदाकाठ

टेबलावर! मला सांगायला आवडेल. पीएलजीएचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवायचा. (नेलपॉलिश काढायच्या द्रावणाचा वास तोच.) दुसऱ्या भांड्यात पाणी आणि त्यात थोडं पीव्हीए (पाण्यात विरघळणारं एक पॉलिमर), कणांनी एकमेकांना चिकटू नये म्हणून. पाणी चुंबकाच्या कांडीने फिरत ठेवायचं आणि ॲसिटोनचं द्रावण थेंबथेंब सोडायचं. ॲसिटोन पाण्यात पळतं, पॉलिमरला पाणी सोसत नाही, ते तिथल्या तिथे गोळा होतं. द्रावण आधी स्वच्छ असतं, मग पाणी घातलेल्या दुधासारखं होतं. खिडकीकडे धरलं की त्यात निळसर झाक दिसते. ती झाक दिसली की मला कळतं, कण शंभर ते दोनशे नॅनोमीटरचे पडलेत. निळं न दिसता नुसतं पांढरं फटक झालं तर मोठे झाले, ती घाण ओतून द्यायची आणि पुन्हा करायचं. मशीनवर मोजतोच, पण डोळ्याला आधी कळतं. रात्रभर फिरत ठेवलं की ॲसिटोन उडून जातं.

आकाराचा अंदाज यावा म्हणून: हृदयाची एक प्रौढ स्नायूपेशी साधारण शंभर मायक्रोमीटर लांब. माझे पाचशे ते हजार कण ओळीने ठेवले तर एका पेशीइतकी लांबी होते.

मीनल_ठाणे

मग इतक्या बारीक कणावर पेशी उभी कशी राहणार? मुंगीवर हत्ती.

गोदाकाठ

बरोबर पकडलंत. सुट्ट्या नॅनोकणावर पेशी उभी राहत नाही. "नॅनोकणांचा स्कॅफोल्ड" असं बातम्यांत येतं तेव्हा तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एका नावाखाली असतात.

कधी कण जेलमध्ये मिसळलेले असतात. जेल पेशींना धरतं (तपकिरी समुद्री शेवाळातलं अल्जिनेट, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनवलेलं कायटोसान, नाहीतर कोलॅजेन, फायब्रिन), आणि कण त्यात खताचं काम करतात. आयजीएफ-१ किंवा व्हीईजीएफसारखी प्रथिनं नुसती टोचली तर काही तासांत संपतात. कणात कोंडली की आठवडाभर, दोन आठवडे थोडीथोडी सुटतात. आधीचं पेशी जगवतं, दुसरं नव्या केशवाहिन्या ओढून आणतं. ऑक्सिजन सोडणारे कणही करतात, आत कॅल्शियम पेरॉक्साइड भरून. कारण ऑक्सिजन पेशींच्या थरातून शंभर-दोनशे मायक्रोमीटरपलीकडे पोचत नाही, आणि नवी केशवाहिनी यायला काही दिवस जातात. तेवढे दिवस पेशींनी काढायचे कसे?

कधी कण स्वतःच एकमेकांना धरून लगदा बनवतात. अर्ध्या कणांवर धन भार, अर्ध्यांवर ऋण. एकत्र केले की दाट मलम होतं. पिचकारीत दाबलं की वाहतं, दाब सुटला की परत घट्ट. मला व्यक्तिशः ही कल्पना फार सुंदर वाटते, कारण त्यात छाती उघडायची गरज पडू नये.

आणि तिसरं म्हणजे वीज वाहणारे कण. त्यावर नंतर.

द्राक्षवेल

थोडंथोडं सुटणारं म्हणजे आमच्या युरियाच्या ब्रिकेट. चिखलात गाडल्या की भाताला पुरून पुरून मिळतं. कळलं.

स्पंदन

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे, कोल्हापूर भागात. धागाकर्त्याने संयमाने लिहिलंय म्हणून काही भर घालतो, आणि काही ठिकाणी ब्रेकही लावतो.

या क्षेत्राने रुग्णांना दोनदा मोठी निराशा दिली आहे. जून २००० मध्ये पॅरिसमध्ये फिलिप मेनाशे यांनी पहिल्यांदा मांडीच्या स्नायूपासून वाढवलेल्या पेशी रुग्णाच्या हृदयात घातल्या. कल्पना अशी की स्नायू तो स्नायू. पण मांडीची पेशी हृदयपेशीशी विजेने जोडली जात नाही. ती बेट होऊन बसते. काही रुग्णांना धोकादायक अनियमित ठोके सुरू झाले, डिफिब्रिलेटर (धोकादायक ठोके ओळखून विजेचा झटका देणारं यंत्र) बसवावे लागले, आणि २००८ मध्ये त्याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली तेव्हा पंपिंगमध्ये फायदा दिसला नाही.

दुसरी निराशा जास्त वाईट. २००१ मध्ये पिएरो अन्वर्सा यांच्या गटाने दावा केला की अस्थिमज्जेतल्या पेशी उंदराच्या हृदयात स्नायू तयार करतात. जगभर त्यावर रुग्णांवरच्या चाचण्या सुरू झाल्या. २००४ मध्येच दोन गटांनी सांगितलं की आम्हाला हे दिसत नाही. तरी गाडी थांबली नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगॅम रुग्णालयाने त्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत असं नियतकालिकांना कळवलं. मी तेव्हा एका परिषदेत होतो. चहाच्या टेबलावर कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. आपण रुग्णांना जे आशेने सांगितलं त्याचा पाया असा निघावा याचं दुःख होतं.

आज तुमच्या दारात येणारी बहुतेक पत्रकं याच अस्थिमज्जेच्या पेशींची आहेत. युरोपात त्यांचा कायमचा निकाल लावायला ३००० रुग्णांची चाचणी ठरवली होती, ३७५ च मिळाले. २०२० मध्ये ती तशीच प्रसिद्ध झाली, उत्तर मिळालंच नाही.

आणि परांचीबद्दल: नुसतं अल्जिनेट, पेशींशिवाय, ३०३ रुग्णांच्या चाचणीत हृदयात सोडून पाहिलं गेलंय. २०१६ मध्ये निकाल आला. डावा कप्पा फुगत जाणं त्याने थांबलं नाही. प्राण्यांमध्ये उत्तम दिसलं होतं. म्हणून उंदरांतल्या बातम्यांवर मी पटकन विश्वास ठेवत नाही.

गोदाकाठ

डॉक्टर, मनापासून आभार. अल्जिनेटच्या चाचणीचा मुद्दा मी स्वतः लिहायला हवा होता. माझ्या समजुतीप्रमाणे त्यात जेल धमनीतून सोडलं होतं आणि ते फक्त भिंतीला टेकू द्यायला होतं. पेशींना धरून ठेवणं हे वेगळं काम. पण निकाल तो निकालच. आमच्या क्षेत्राने तो विसरू नये.

ठोक्यांची अनियमितता ही मलाही सगळ्यात मोठी अडचण वाटते. २०१४ मध्ये सिअॅटलच्या चार्ल्स मरी यांच्या गटाने माकडांच्या हृदयात मानवी मूलपेशींपासून बनवलेल्या एक अब्ज हृदयपेशी घातल्या. त्या रुजल्या, माकडाच्या स्नायूशी जोडल्या गेल्या. ही फार मोठी गोष्ट होती. पण अनियमित ठोके तिथेही आले. नव्या पेशी कोवळ्या असतात, स्वतःच्या लयीत धडधडतात.

इथे वीज वाहणारी पॉलिमर येतात. प्लास्टिक वीज वाहू शकतं हे दाखवल्याबद्दल २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल हीगर, मॅकडियार्मिड आणि शिराकावा यांना मिळालं. त्या कुळातलं पॉलिपायरोल कायटोसानला जोडून टोरोंटोच्या रेन-के ली यांच्या गटाने २०१५ मध्ये उंदरांच्या हृदयातल्या वणात भरलं, तर वणातून विजेची लहर जास्त वेगाने गेली. वण म्हणजे विजेच्या वाटेतली तुटलेली तार. ती सांधली तर नव्या पेशींना जुन्या लयीत यायला मदत होईल अशी आशा आहे. चौकस, तुमच्यासाठी: पॉलिपायरोल पीएलजीएसारखं विरघळत नाही. ते वर्षानुवर्षं तिथे राहिलं तर काय होतं, याचं समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय मी ते माझ्या वडिलांच्या हृदयात घालू देणार नाही.

नीलमोहर

मी ग्योटिंगेनमध्ये राहते, सॉफ्टवेअरमध्ये आहे. इथल्या विद्यापीठ रुग्णालयातल्या वोल्फ्राम-हुबर्टुस त्सिमरमान यांच्या गटाचं काम जानेवारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलं, तेव्हा गावभर चर्चा होती. त्यांनी कोलॅजेनच्या जेलमध्ये हृदयपेशी वाढवून ठिगळं बनवली आणि ती हृदयावर बाहेरून शिवली. आधी माकडांवर, मग एका ४६ वर्षांच्या बाईंवर. तीन महिन्यांनी त्यांना दात्याचं हृदय मिळालं. जुनं हृदय बाहेर काढल्यावर तपासलं तर ठिगळातले स्नायू जिवंत होते, त्यात रक्तवाहिन्या आल्या होत्या. वाचून अंगावर काटा आला होता. हे तुम्ही म्हणता त्या परांचीचंच रूप ना?

गोदाकाठ

तेच. आणि म्हणूनच मी आशावादी आहे. सुईने पेशी सोडण्याऐवजी आधी बाहेर जमीन तयार केली, पेशी त्यात घट्ट विणू दिल्या आणि मग शिवलं. पेशी दुसऱ्या माणसाच्या असल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात, ती किंमत आहे.

जपानचं एक सांगतो, कारण त्यात पॉलिमरची करामत आहे. ओसाकात योशिकी सावा यांच्या गटाने जानेवारी २०२० मध्ये हृदयपेशींचा पातळ पापुद्रा रुग्णाच्या हृदयावर ठेवला. असा पापुद्रा बशीतून न फाटता काढायचा कसा? टोकियोत तेरुओ ओकानो यांनी त्यासाठी बशीला एका पॉलिमरचा अतिसूक्ष्म थर दिला होता. ३७ अंशांना पेशी त्याला चिकटून वाढतात. बशी ३२ अंशांच्या खाली थंड केली की ते पॉलिमर पाणी पिऊन फुगतं आणि पापुद्रा अलगद सुटतो. धिरडं तव्यावरून कडेने सुटावं तसा. सुरी नाही, पेशींचे दुवे तोडणारं विकर नाही. मी विद्यार्थी असताना याचा व्हिडिओ पाहिला आणि त्याच दिवशी ठरवलं की हेच करायचं.

स्पंदन

इतकं चाललंय तर मुंबईची एक आठवण नोंदवतो. मी केईएममध्ये शिकलो. तिथल्या डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं हे अनेकांना माहीत असतं. त्याआधीचं काम फार कमी जणांना ठाऊक आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात बरंचसं रक्त कप्प्यातूनच थेट स्नायूत झिरपतं. त्यावरून सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये कल्पना मांडली की माणसाच्या हृदयाच्या भिंतीला सुईने बारीक भोकं पाडली तर रक्त कमी पडलेल्या स्नायूला कप्प्यातूनच रक्त मिळेल. पुढे जगात लेझरने हेच करून पाहिलं गेलं. ती भोकं बुजत, असं नंतर दिसलं. पण परळच्या त्या इमारतीत साठ वर्षांपूर्वी लोक याच प्रश्नाशी झुंजत होते: मरत असलेल्या स्नायूपर्यंत पोषण न्यायचं कसं? गोदाकाठ, तुमचे ऑक्सिजनचे कण वाचले तेव्हा मला सेनसर आठवले.

गोदाकाठ

हे मला माहीत नव्हतं. उद्या प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगणार.

अबोली_सांगली

मी बराच वेळ नुसती वाचत होते. आज लिहिते. माझे दीर ५२ वर्षांचे. ईएफ २८. एका ठिकाणी आम्ही स्टेम सेलसाठी तारीख घेतली आहे, पंचवीस हजार आगाऊ भरलेत, एकूण साडेतीन लाख. ते म्हणाले कमरेच्या हाडातून मज्जा काढून त्याच दिवशी हृदयात सोडू, नव्वद टक्के लोकांना गुण येतो. जाऊबाईंनी पाटल्या मोडायला काढल्यात. मी काय सांगू त्यांना? त्यांची आशा मोडायचं धाडस माझ्यात नाही.

स्पंदन

ताई, ठिकाणाचं नाव इथे लिहू नका, त्याची गरज नाही. तीन गोष्टी करा.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या काही आजारांसाठीचं मज्जा प्रत्यारोपण सोडलं तर मूलपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. हृदयासाठी असा उपचार पैसे घेऊन देणं त्यात बसत नाही. चाचणी असेल तर ती भारतीय चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयवर, नोंदलेली असलीच पाहिजे. ती कोणालाही फुकट बघता येते. त्यांना फोन करून नोंदणी क्रमांक विचारा. बस्स, एवढाच प्रश्न.

दुसरं, दिरांच्या गोळ्यांची यादी मला इथे नावांशिवाय, फक्त औषधाच्या प्रकाराने लिहा. ईएफ कमी असलेल्या रुग्णासाठी आज चार प्रकारची औषधं आहेत: बीटा ब्लॉकर, एआरएनआय किंवा त्याच कुळातलं जुनं औषध, स्पायरोनोलॅक्टोनच्या जातीचं एक, आणि मधुमेहासाठी आलेलं पण हृदयालाही लागू पडलेलं एसजीएलटी-२. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या रुग्णांना चारही मिळत नसतात, किंवा मात्रा सुरुवातीच्याच राहिलेल्या असतात. साडेतीन लाख खर्च करायच्या आधी हे पूर्ण व्हायला हवं.

तिसरं, ईएफ ३५ च्या खाली आहे, तर डिफिब्रिलेटर लागतो का हे तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. त्याबद्दल कोणी बोललंय का?

अबोली_सांगली

नाही. डिफिब्रिलेटरचं कोणीच बोललेलं नाही. गोळ्यांत बीटा ब्लॉकर आहे, कोलेस्टेरॉलची आहे, रक्त पातळ होण्याच्या दोन आहेत, लघवीची आहे. बाकी तीन दिसत नाहीत.

गोदाकाठ

अबोलीताई, जाऊबाईंना आशा मोडतेय असं सांगू नका. माझ्या बाबांना मी जे दाखवलं ते सांगतो. एका काचेच्या ताटलीत स्पंज ठेवला आणि शेजारची जागा मोकळी सोडली. दोन्हीकडे चमचाभर मोहरी टाकली, ताटली नळाखाली तिरकी धरली. मोकळ्या जागेवरची मोहरी एका क्षणात सिंकमध्ये गेली, स्पंजातली काही राहिली. मी म्हणालो, "बाबा, आज ते तुमच्या हृदयात मोहरी टाकणार आहेत. मी स्पंज बनवतोय. तो अजून माणसात घालण्याइतका तयार नाही. तोवर तुम्ही गोळ्या चुकवू नका आणि रोज चाला." बाबांनी पत्रक घडी करून रद्दीत ठेवलं. बीटा ब्लॉकरची मात्रा दोनदा वाढली, एसजीएलटी-२ सुरू झालं. गेल्या ईकोला ईएफ ३६ आलं. हे माझ्या कणांमुळे नाही, गोळ्यांमुळे आहे.

चौकस

३६! फार बरं वाटलं वाचून.

द्राक्षवेल

अबोलीताई, पाटल्या राहू द्या. आणि गोदाकाठ, तुमचा स्पंज तयार होईल तेव्हा इथेच येऊन लिहा. मी धागा जपून ठेवलाय.

अबोली_सांगली

आज फोन केला. नोंदणी क्रमांक मागितला. पलीकडच्या बाई आधी म्हणाल्या "सर सांगतील", मग म्हणाल्या "तसा नंबर नसतो, हा उपचार आहे, चाचणी नाही." मी दोनदा विचारलं. नोंदवहीत त्यांचं नाव टाकून मोठ्या मुलाने शोधलं, काही निघालं नाही. मोहरीचा प्रयोग मी जाऊबाईंसमोर केला, स्पंज नव्हता म्हणून भांडी घासायची घासणी घेतली. त्या काही बोलल्या नाहीत, मोहऱ्या वेचत बसल्या. संध्याकाळी स्वतःच म्हणाल्या, तारीख रद्द करा. पंचवीस हजारांचं काय होईल माहीत नाही. गुरुवारी दिरांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेतोय. चारही औषधांची नावं आणि डिफिब्रिलेटरचा प्रश्न मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फाइलच्या पहिल्या पानाला टाचून ठेवलाय.